चौथी पायरी

मूल्यमापनाच्या तक्त्यावर बावीस पायऱ्या छापलेल्या होत्या. प्रत्येक पायरीपुढे एक चौकोन होता आणि तीन चौकोनांच्या शेजारी चांदणी होती. चांदणीची पायरी चुकली की बाकीचे चौकोन कितीही भरलेले असोत, विद्यार्थिनी नापास होत असे. चौथी पायरी चांदणीची होती : 'रुग्णाची ओळख पटवते.'

सुचित्रा खांबेटे सकाळी साडेनऊपासून हे तक्ते भरत होती. बागबाजारमधल्या या खाजगी नर्सिंग कॉलेजात ती बाह्य परीक्षक म्हणून आली होती; एरवी ती डमडमजवळच्या दुसऱ्या एका कॉलेजात शिकवत असे. शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. अठ्ठावीस मुली होत्या आणि सगळ्यांना कृती एकच होती : नाकातल्या नळीतून रुग्णाला अन्न देणे. रुग्ण म्हणजे खाटेवर पडलेली रबराची बाहुली. तिच्या डाव्या दंडाला सुयांची भोकं पडून तिथला रबर खरबरीत झाला होता. मुली तिला ठाकुमा म्हणत, म्हणजे आजी. आजच्या परीक्षेपुरतं तिचं नाव सुधारानी घोष, वय एकाहत्तर, असं ठरलं होतं. ते केसपेपरवर आणि तिच्या मनगटावरच्या बँडवर लिहिलेलं होतं. खाटेच्या पायथ्याशी चिठ्ठी चिकटवली होती : मेंदूत रक्तस्राव, तिसरा दिवस, रुग्ण बेशुद्ध.

सुचित्राला ही कृती डोळे मिटून करता आली असती. चौदा महिन्यांपूर्वी तिच्या नवऱ्याला, दिगंबरला, पक्षाघाताचा झटका आला होता. बँकेच्या बदलीवर सव्वीस वर्षांपूर्वी ते कोलकात्यात आले होते आणि इथेच राहिले होते. आता दिगंबरला बोलता येत नव्हतं, गिळता येत नव्हतं. पहाटेचं, संध्याकाळचं आणि झोपण्यापूर्वीचं अन्न सुचित्रा देई; मधली दोन, आया सेंटरमधून येणारी सुनंदा. खाटेचं डोकं उंच करायचं, नळी तपासायची, आधी पाणी, मग अन्न, मग पुन्हा पाणी. सुरुवातीला ती या वेळी दिगंबरशी बोलत असे. कधीपासून बोलेनाशी झाली हे तिला सांगता आलं नसतं. तिला दुःख होत नव्हतं. मध्यंतरी सलीलनं, तिच्या मुलानं, बढती मिळाल्याचं सांगितलं तेव्हा ती 'छान' म्हणाली, आणि आपला चेहरा जागचा हललेला नाही हे तिला त्याच्या चेहऱ्याकडे पाहून कळलं.

खिडकीजवळच्या टेबलाशी अंतर्गत परीक्षक प्रेमलता बिस्वास बसली होती. तिच्यापुढे तक्त्यांचा दुसरा गठ्ठा होता, कारण दोघींनी स्वतंत्र गुण द्यायचे आणि शेवटी ताडून पाहायचे असा नियम होता. प्रेमलता या कॉलेजात एकोणीस वर्षं शिकवत होती. परीक्षेच्या दिवशी तिचं एकच पालुपद असे.

"मोठ्याने बोल गं! काय करतेयस ते सांग. मला काय स्वप्न पडणार आहे?"

मुली सांगत. "मी हात धुतले," असं म्हणून त्या कोरडे हात पुढे धरत. "ठाकुमा, नमस्कार. तुमचं नाव काय? सुधारानी घोष. बँडशी जुळतंय," हे सगळं एका श्वासात होई, आणि मनगटाकडे पाहिलं न पाहिलं तोवर त्या पुढच्या पायरीवर गेलेल्या असत. प्रेमलताचं पेन तो आवाज ऐकून चाले. सुचित्राचंही. दहाव्या मुलीपर्यंत आवाज आणि पेन यांचा असा मेळ बसला होता की वर पाहायची गरज क्वचितच पडे. बाहेर गल्लीत पूजेच्या मांडवासाठी बांबू ठोकत होते. त्या ठोक्यांतही खंड नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत सलीलचा न्यू टाउनच्या ऑफिसातून फोन आला. तो कोलकात्यातच वाढलेला होता; त्याच्या मराठीला बंगाली वळण होतं आणि मावशीला तो माशी म्हणे.

"आई, तू जेवलीस? सुनंदामाशी फोन केली होती. बाबा ठीक आहे. फीड दिली."

पूर्वी ती म्हणाली असती, 'माशीनं फोन केला, बाबा ठीक आहेत, फीड दिलं,' आणि तो चिडून म्हणाला असता, 'तेच बोललो ना!' आज ती म्हणाली, "बरं." मग त्यानं "ठेवतो" म्हटलं. ती परत खोलीत येऊन बसली आणि प्रेमलतानं सतरा नंबर पुकारला.

पावणेचारला शेवटची मुलगी गेली. प्रेमलतानं दार लोटलं, चहा मागवला आणि दोघी तक्ते ताडू लागल्या. एकीनं वाचायचं, दुसरीनं 'हो' म्हणायचं. सोळापर्यंत सगळं जुळलं. कुठे अर्ध्या गुणाचा फरक होता तो त्यांनी मिटवला.

"सतरा," प्रेमलता म्हणाली आणि थांबली. "सुचित्रादी, तुमच्याकडे चौथीला बरोबरची खूण आहे?"

"आहे."

"माझ्याकडे फुली आहे."

सुचित्रानं तक्ता तिच्याकडे वळवला. बावीसच्या बावीस चौकोन भरलेले होते.

"कोण ही?"

"नूपुर मंडल. तिसरा प्रयत्न. चौथा मिळत नाही, तुम्हाला माहीतच आहे." प्रेमलतानं चष्मा कपाळावर सरकवला. "सोमवारी न्यू टाउनच्या एका हॉस्पिटलात रुजू व्हायचंय तिला. पास झाली तर. नेमणुकीचं पत्र वर्गात सगळ्यांच्या हातांतून फिरून मऊ पडलंय. मला तिच्याशी वैर नाही, दीदी. पण तिनं नाव विचारलं नाही आणि बँडचंही बोलली नाही. मी कान देऊन होते."

"हं."

"मतभेद असेल तिथे तुमचा शब्द शेवटचा. तुम्ही म्हणा, मी पाहिलं. मी फुली खोडते, शेजारी सही करते, विषय संपला. पाहिलंत ना?"

सुचित्रा तक्त्याकडे बघत राहिली. सोळा नंबरची मुलगी तिला आठवत होती. मास्कच्या आत दोनदा शिंकली होती. अठरा नंबरच्या मुलीनं ट्रेमध्ये पाणी सांडलं होतं. या दोघींच्या मध्ये एक मुलगी येऊन दहा मिनिटं उभी राहून गेली होती, आणि तिथे सुचित्राच्या मनात काहीच नव्हतं. चेहरा नाही, आवाज नाही. बाकीच्या तक्त्यांवरच्या खुणा लहानमोठ्या, वाकड्यातिकड्या होत्या. या तक्त्यावरच्या साऱ्या एकाच उताराच्या होत्या, एका बैठकीत वरपासून खालपर्यंत केल्यासारख्या. मुलगी खाटेपाशी पोचण्याच्या आधी केल्या असतील किंवा ती गेल्यानंतर.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

प्रेमलता हसली. "अहो, अठ्ठावीस पोरी! कुणाला आठवतंय? म्हणून तर कागद असतो. कागद काय म्हणतो, बरोबर. मग बरोबर."

"कागद मी न बघता भरलाय."

प्रेमलताचं हसू मावळलं. तिनं एकदा दाराकडे पाहिलं. "हे तुम्ही मला म्हणालात ते म्हणालात," ती आवाज उतरवून म्हणाली. "आता चहा घ्या."

"तिला बोलवा."

नूपुर अजून खाली जिन्याशीच होती. बारीक चणीची, रंग उडालेल्या पट्ट्याचा गणवेश घातलेली मुलगी आत आली आणि दोघींपासून सारख्याच अंतरावर उभी राहिली. सुचित्रानं तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तो तिला ओळखीचा वाटला नाही.

"ठाकुमाचं नाव विचारलंस?" प्रेमलतानं विचारलं.

"नाही, मॅडम."

प्रेमलतानं सुचित्राकडे पाहिलं, बघा म्हणून. "का नाही?"

"बेशुद्ध आहे ना, मॅडम. चिठ्ठीत लिहिलंय."

सुचित्रा उठली, खाटेच्या पायथ्याशी गेली आणि चिठ्ठी वाचली. रुग्ण बेशुद्ध. ही चिठ्ठी सकाळी तिनंच वाचून मान्य केली होती. त्यानंतर सत्तावीस मुलींनी त्या बेशुद्ध बाईला तिचं नाव विचारलं होतं, तिच्या वतीनं उत्तर दिलं होतं, आणि टेबलाशी बसलेल्या दोन अनुभवी बायकांनी सत्तावीस वेळा पूर्ण गुण दिले होते.

"ते राहू दे," प्रेमलता म्हणाली. तिचा आवाज बदलला होता, पण तिनं सोडलं नाही. "बँड? बँड तरी पाहिलास?"

"पाहिला."

"मला ऐकू आलं नाही."

"बोलले नाही, मॅडम."

"दोनदा याच पायी आपटलीस ना तू? किती वेळा सांगितलं, जे करशील ते बोलून कर! वॉर्डात मुकी राहा हवं तर. परीक्षेत तोंड उघडायला काय जातं तुझं?"

नूपुरनं ओठ आवळले. मग ती म्हणाली, "तुम्ही लिहीत होता, मॅडम."

"आणि मी?" सुचित्रानं विचारलं.

"तुम्ही बघत होता." तिनं हे ताबडतोब सांगितलं, सोप्या प्रश्नाचं उत्तर द्यावं तसं. "सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझ्याकडेच बघत होता. म्हणून मला वाटलं, बँडचं बोलायला नको. दिसतंयच."

सुचित्रानं आपल्याला लाज वाटते आहे का हे तपासून पाहिलं, मुंग्या आलेल्या पायावर भार देऊन पाहावं तसं. काही जाणवलं नाही. फक्त घडलेलं समजत होतं, आणि ते अगदी स्वच्छ समजत होतं. आपले डोळे दहा मिनिटं या मुलीवर होते. मुलीनं त्यांच्यावर विश्वास ठेवला होता.

"तू बाहेर थांब जरा," प्रेमलता म्हणाली. दार लोटल्यावर ती खुर्ची ओढून सुचित्राच्या जवळ आली. "ऐका आता. ती म्हणते तुम्ही बघत होता. तुम्हाला कोण विचारतंय? 'पाहिलं' म्हणा. पोरगी खोटं बोलत नाही, मी चार वर्षं ओळखते तिला. पास करण्याजोगी आहे. नियमानं पुन्हा परीक्षा घ्यायची तर लेखी कारण द्यावं लागतं. काय लिहाल? माझं लक्ष नव्हतं? तुमचं नाव परीक्षकांच्या यादीतून जाईल, तुमच्या प्राचार्यांना पत्र जाईल. विद्यापीठ उरलेले सत्तावीस तक्तेही मागवील."

"उरलेल्यांवर आपल्या दोघींचं एकमत आहे."

"बेशुद्ध बाईला नाव विचारलं त्यावर एकमत आहे!" प्रेमलतानं कपाळाला हात लावला. "आणि तुमचं सोडा, तिचं बघा. तुम्ही 'पाहिलं' म्हणालात तर ती या क्षणी पास आहे. पुन्हा करायला लावलं आणि हात थरथरून दुसरंच काही चुकली तर? तेव्हा तुम्ही काय कराल?"

प्रेमलता चुकीचं बोलत नव्हती. एका खोट्या शब्दानं मुलीचं भलं होणार होतं, आणि खरं बोलण्याची किंमत बहुधा मुलीलाच मोजावी लागणार होती. पण तो शब्द उच्चारायचा म्हणजे या मुलीला आज तिसऱ्यांदा न पाहता निकालात काढायचं होतं. पहिल्या दोन वेळा नापास म्हणून, आता पास म्हणून. सुचित्रानं दार उघडलं.

"नूपुर, मी पाहिलं नाही," ती म्हणाली. "डोळे तुझ्याकडे होते. पण मी पाहिलं नाही. चूक माझी आहे आणि तसं मी लिहिणार आहे. तुला पुन्हा करून दाखवावं लागेल."

मुलीच्या चेहऱ्यावर आधी काही उमटलं नाही. मग गळ्याशी लाली चढत गेली.

"मग माझी परीक्षा कुणी घेतली, मॅडम?"

सुचित्रानं दार पूर्ण उघडून तिला आत घेतलं.

"तिसरा आहे माझा. आता चुकलं तर?"

"तर चुकलं असंच लिहावं लागेल."

"तुम्ही तर बरोबर म्हणून लिहिलं होतं ना?" तिचा आवाज चिरकला. "लिहून झालं होतं. मग कशाला विचारलंत?"

"तिला पाणी द्या," प्रेमलता हळूच म्हणाली. पण नूपुर तिथे थांबली नाही. ती सरळ कोपऱ्यातल्या बेसिनशी गेली, बाह्या वर केल्या आणि नळ सोडला. तो नळ दिवसभरात पहिल्यांदाच चालू झाला होता. आधी तो खाकरला, मग तांबूस पाणी आलं, मग स्वच्छ. ती बोटांच्या फटींतून साबण फिरवत राहिली, गरजेपेक्षा अधिक वेळ.

सुचित्रानं पेन टेबलावर ठेवलं आणि ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. प्रेमलताही उठून आली.

नूपुर बाहुलीच्या कानाशी वाकली. "ठाकुमा, जेवण देते हां," ती इतक्या हळू म्हणाली की टेबलाशी ते पोचलं नसतं. तेवढ्यातच तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्यानं बाहुलीचं मनगट वळवलं होतं. तिनं बँड वाचला. डाव्या हातातल्या केसपेपरकडे पाहिलं. पुन्हा बँड, या वेळी नोंदणी क्रमांकाशी थांबून. मग मनगट चादरीवर सरळ ठेवलं. याला चार सेकंद लागले असतील. आवाज काहीच झाला नाही.

प्रेमलतानं श्वास सोडला. सुचित्रानं मान हलवली नाही. अजून अठरा पायऱ्या होत्या.

पाहणं तिला जड जात होतं. खाटेचा दांडा फिरवून नूपुर डोकं उंच करत होती तेव्हा सुचित्राची नजर तिच्या हातांवरून निसटून भिंतीवर गेली, आणि तिला ती ओढून परत आणावी लागली. नळी पोटात आहे याची खात्री करताना नूपुरच्या हातून सिरिंजचा दट्ट्या निसटला आणि फरशीवर पडला. ती थिजली. प्रेमलताचा हात पुढे झाला आणि मागे गेला. नूपुरनं ती सिरिंज बाजूला ठेवली, पुन्हा हात धुतले, नवीन सिरिंजचं पाकीट फोडलं आणि तीच पायरी पहिल्यापासून केली. पाणी, अन्न, सिरिंज किती उंच धरायची, मध्ये थांबून चेहऱ्याचा रंग पाहणं. सुचित्राची नजर आणखी एकदा निसटली, आणखी एकदा तिनं ती आणली. दिगंबरच्या खाटेशी आपण रोज काय काय पाहिलेलं नाही, हा विचार तिच्या मनात आला. तोही तिनं बाजूला सारला, कारण मुलगी आता शेवटचं पाणी सोडत होती.

"झालं, मॅडम," नूपुर म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता.

"बाहेर बस."

सुचित्रानं कोरा तक्ता घेतला आणि बावीस चौकोन एकेक करून भरले. मग शेरा लिहायला तिला वेळ लागला. 'क्रमांक १७ : रुग्ण बेशुद्ध असल्याचे दिलेले असल्याने नाव विचारणे लागू नाही. विद्यार्थिनीने बँड व केसपेपर ताडून ओळख पटवली. हे मी दुसऱ्या वेळी पाहिले. पहिल्या वेळी माझे लक्ष नव्हते आणि तक्ता मी न पाहता भरला होता, म्हणून कृती पुन्हा करवून घेतली. इतर सर्व विद्यार्थिनींनी बेशुद्ध रुग्णास नाव विचारले. ही चूक परीक्षकांनी टिपायला हवी होती, ती टिपली नाही. तिचा दोष विद्यार्थिनींकडे जाऊ नये.' खाली तिनं सही केली आणि तारीख घातली.

प्रेमलतानं शेरा दोनदा वाचला.

"'न पाहता भरला होता.' हे एवढं गाळलं तर चालणार नाही?"

"नाही."

"आणि 'परीक्षकांनी' म्हणजे त्यात मी आले."

"'परीक्षकांनी' खोडून 'मी' असं लिहिते."

"राहू द्या." प्रेमलतानं आपला तक्ता पुढे ओढला, फुलीवर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी आद्याक्षरं केली. मग सुचित्राच्या सहीखाली जागा शोधून तिथेही केली. "एकोणीस वर्षं," ती कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाली. "त्या पोरीला दोनदा मीच पाडलंय." ती पाकिटावरच्या मोहरेसाठी लाख वितळवायला मेणबत्ती शोधू लागली आणि बराच वेळ तिला ती समोर असून सापडली नाही.

पाकीट बंद करून सुचित्रा बाहेर आली तेव्हा नूपुर बाकावर बसलेली होती. ती उठून उभी राहिली. तिचा राग गेलेला नव्हता.

"निकाल मला सांगता येत नाही," सुचित्रा म्हणाली.

"माहितेय." मग थांबून, "या वेळी पाहिलंत, मॅडम?"

"पाहिलं."

"सगळं?"

"शेवटचं पाणी उतरताना नळी दाबायला उशीर केलास. थोडी हवा आत गेली. तिथे एक गुण कापलाय."

"सुचित्रादी!" आतून प्रेमलता ओरडली. "ते सांगायचं नसतं!"

नूपुरनं क्षणभर डोळे मिटले, शेवटचं पाणी पुन्हा सोडून बघत असल्यासारखे. मग तिचे खांदे खाली आले.

"हो," ती म्हणाली. "तिथे चुकलं माझं."